लिझी हिगिन्सचा दोन सीडींचा संच: ऐकताना कान कुठे लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे दीड वर्षापासून स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला नोकरीला आहेत. ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने फार आग्रह केला म्हणून त्यांनी स्कॉटिश लोकगायिका लिझी हिगिन्स हिच्या गाण्यांचा ‘इन मेमरी ऑफ लिझी हिगिन्स’ हा दोन सीडींचा संच मागवला. घरी लहानपणापासून शास्त्रीय गाणं कानावर पडलेलं. ते लिहितात, “पहिली सीडी अर्धी झाली आणि मी बंद केली. वाद्य नाही, ताल नाही, आवाज लहानमोठा होत नाही, सगळी गाणी सारखीच वाटतात. तिच्या आईचं एक गाणं ऐकलं, ते लगेच भिडलं. मग मुलीचा एवढा संच काढलाच कशाला? की माझंच काही चुकतंय?”

तुमचं चुकत नाहीये. पण मला वाटतं, प्रश्न संच बरा की वाईट हा नाहीच. तंबोरा, तबला, पेटी काढून घेतली, वर शब्दही अर्धेच कळणारे, तर अशा गाण्यात धरायचं कशाला, ही खरी अडचण आहे. ख्यालात समेची वाट बघता येते, इथे सम नाही. मीही अडकलो होतो, आणि बरेच दिवस.

मी मूळचा कोल्हापूरचा. जुन्या स्पूल टेपवरचा आवाज संगणकात उतरवणं आणि साफ करणं हे वीसेक वर्षांचं काम, त्यातली बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये. म्हणजे गायक नव्हे, कारागीर. त्यामुळे पुढचं सगळं कारागिराच्या कानाने ऐकलेलं आहे, हे धरून चला. एखादा लोकगीतांचा अभ्यासक शब्दांपासून सुरुवात करेल. मी स्वरांपासून करतो.

आधी ही बाई कोण, ते. लिझीचा जन्म 1929चा, तुमच्याच गावात, गेस्ट रो नावाच्या गल्लीत. घराणं स्कॉटलंडच्या भटक्या समाजातलं, ट्रॅव्हलर म्हणतात ते. आई जीनी रॉबर्टसन. तिच्याकडे 1953 साली हेमिश हेंडरसन हा लोकगीतांचा संग्राहक जाऊन पोचला. त्या भेटीची गोष्ट तिकडे सगळ्यांना पाठ आहे. बाई दमलेली होती, दारातल्या परक्या माणसाला घरात घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती. त्याने 1411च्या हार्लॉच्या लढाईचं गाणं म्हणायला घेतलं, तेव्हा “ते असं नाहीच” म्हणत बाई सुरू झाली. त्यानंतर जीनीचं नाव अटलांटिकपलीकडे पोचलं, 1968 साली तिला एमबीई हा किताब मिळाला. लोकगीतांच्या त्या पुनरुज्जीवनाच्या काळात स्कॉटिश लोकगायिका म्हटलं की पहिलं नाव तिचंच.

आणि घरात लिझी. तिला गाणी येत होती, पण चारचौघांत गायला ती वर्षानुवर्षं तयार नव्हती. आईच एवढी मोठी, तर आपण कुठे तोंड उघडायचं? पोटापाण्याला ॲबरडीनच्या मासळीच्या कारखान्यांत मासे साफ करून फाके काढायचं काम करायची. मंचावर आली 1967 साली, म्हणजे सदतीस-अडतीसाव्या वर्षी. 1969 साली टॉपिक या रेकॉर्ड कंपनीने ‘प्रिन्सेस ऑफ द थिसल’ ही पहिली एलपी काढली. 1975 साली दुसरी, ‘अप अँड अवा वि द लॅव्हरॉक’. लॅव्हरॉक म्हणजे आपला चंडोल. आई गेली तीही 1975 मध्येच. मग थेट 1985 साली तिसरी, ‘व्हॉट अ व्हॉइस’. लिझी 1993 साली वारली. तुमचा संच आला 2006 साली, म्हणजे तिच्यामागे तेरा वर्षांनी. काढला म्युझिकल ट्रॅडिशन्स या अगदी छोट्या प्रकाशनाने. आधी छापील मासिक, मग इंटरनेटवरचं, आणि त्याच्याच पोटातून ही सीडीची शाखा निघाली. रॉड स्ट्रॅडलिंग यांच्या चिकाटीवर चाललेलं काम.

पंचेचाळीस वर्षं आईच्या सावलीत काढलेल्या बाईच्या तीन एलपी. तिच्याकडे दुर्लक्ष का झालं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. उरलेलं निम्मं काळाचं. साठच्या दशकात टीव्हीवर आणि क्लबात गिटार घेतलेल्या जोड्या नि तिकड्या चालत होत्या. नुसत्या गळ्याने पाच-सहा मिनिटांचं कथागीत म्हणणाऱ्या मध्यमवयीन कामगार बाईला दाद मिळायची ती जाणकारांच्या खोलीत.

आता तुमच्या मुख्य तक्रारीकडे येतो: आईचं भिडलं, मुलीचं नाही.

लिझीचे वडील डोनाल्ड हिगिन्स पाइप, म्हणजे बॅगपाइप, वाजवायचे, काका आयझॅकही पाइपवाले. लिझीने शब्द आणि गाणी मुख्यतः आईकडून घेतली. स्वर लावायची रीत मात्र बऱ्याच अंशी वडिलांच्या पाइपची. हे एकदा डोक्यात बसलं की दोघींमधला फरक उलगडायला लागतो. जीनीचा आवाज जड, खोल, स्वर रुंद, ओळ सावकाश सोडते. तो आवाजच तुम्हाला पकडतो, तुम्ही काही करावं लागत नाही. लिझीची जादू आवाजाच्या आकारात नाही, स्वराच्या कडांवर आहे, आणि तिथे कान न्यावा लागतो.

पाइपचं थोडं सांगतो, कारण सगळं त्यावर उभं आहे. पाइपच्या पिशवीतून हवा अखंड येत राहते. वाजवणाऱ्याची जीभ पत्तीला लागतच नाही, त्यामुळे बासरीसारखा तुतुकार करून स्वर तोडता येत नाही. मध्ये गप्प बसता येत नाही. आवाज लहानमोठाही करता येत नाही. आता एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर? दोन ‘प’ एकमेकांना चिकटून एकच लांब ‘प’ ऐकू येईल. म्हणून वाजवणारा मध्ये एक बोट क्षणभर उचलतो, वरचा एक कण, म्हणजे निमिषभर लागून जाणारा स्वर, टपकन ऐकू येतो, आणि दोन ‘प’ वेगळे होतात. जोर द्यायचा असला तरी तेच. जिथे आपण आवाज वाढवू, तिथे तो कणांचा एक छोटा झुपका टाकतो. आपल्याकडे कण, खटका, मुरकी हे सौंदर्यासाठी. पाइपवर ते व्याकरणच आहे. ते काढलं तर वाक्य वाचता येत नाही.

स्वरही मोजके, फक्त नऊ. मुख्य स्वराला सा धरलात तर खाली एक कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल निषाद, आणि वरचा सा. संपलं. म्हणजे खमाज थाटाचे स्वर आणि खाली पायरीसारखा एक जादा नी. मागे तीन भोंगे सतत सा धरून असतात. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे खरं तर परकं नाही.

आता या बोटांच्या सवयी गळ्यात आल्या, तर काय होईल? स्वर थरथरणार नाही, सरळ राहील. आवाज फारसा लहानमोठा होणार नाही, तुमची तक्रार हीच होती. आणि जोराच्या जागी, शब्दाच्या तोंडाशी किंवा दोन स्वरांच्या सांध्यावर, एक बारीक कण येईल आणि जाईल. पहिल्यांदा ऐकताना तो निसटतोच. तो आहे हे माहीत नसेल तर गाणं सपाट वाटतं. मलाही वाटलं होतं.

मला तो सापडला तो कानाने नाही, डोळ्याने, हे कबूल करतो. एका टेपवर काम करताना (लिझीची नव्हे, तशाच वळणाच्या दुसऱ्या एका बाईंची) पडद्यावर आवाजाचा आलेख उघडून बसलो होतो. लांब सरळ स्वराची आडवी रेघ, आणि तिच्या डाव्या टोकाला वर एक लहान काटा. पुढच्या स्वराला तसाच. पुढच्यालाही. मला वाटलं टेपवरचा ओरखडा असेल, म्हणून पुसायला हात नेला. मग त्याच तुकड्याचा वेग अर्ध्यावर आणून ऐकला, तेव्हा कळलं, हा ओरखडा नाही, गळा आहे. तुम्हीही करून बघा. फुकटात मिळणाऱ्या कुठल्याही ऑडिओ प्रोग्राममध्ये स्वर न बदलता वेग अर्धा करता येतो. एक कडवं तसं ऐका, मग मूळ वेगात. आधी न ऐकलेल्या दहा गोष्टी ऐकू येतील.

सुरुवात पूर्ण सीडीने करू नका. ‘व्हॉट अ व्हॉइस’ हे गाणं घ्या. प्रियकर सोडून गेलाय, पोटात मूल आहे, आणि तिला त्याच्या आवाजाचा भास होतोय, एवढाच मामला. हे आईनेही म्हटलंय आणि लेकीनेही. एडिनबर्गच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने 1951पासून गोळा केलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी खूप काही ‘टोबर अन दुअलखाइश’ या संकेतस्थळावर फुकट ऐकायला आहे, मायलेकी दोघी तिथे भेटतील. दोघींचं तेच गाणं पाठोपाठ ऐका, आणि फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दाकडे लक्ष द्या. ती स्वर कसा सोडते, एवढंच बघायचं. दोन दिवस एवढंच पुरे. मग दुसरं गाणं.

हा खेळ मी शोधलेला नाही. ऐली मन्रो या संगीत अभ्यासक बाईंनी 1970 साली लिझीच्या दहा बॅलडवर (म्हणजे कथागीतांवर) सविस्तर लेख लिहिला होता. आईकडून लेकीकडे जाताना स्वरांचं काय होतं, हाच त्याचा विषय. म्हणजे लिझी जेमतेम तीन वर्षं मंचावर असताना एक माणूस तिचं गाणं सुटं करून बघत होतं. दुर्लक्षित म्हणताना एवढं लक्षात ठेवा, की जाणकारांनी तिला कधीच दुर्लक्षिलं नव्हतं.

शब्दांचं म्हणाल तर तुमची बाजू आमच्यापेक्षा बरी. तुम्ही ॲबरडीनला आहात, ‘फिट लाइक’ म्हणजे ‘कसं काय’ हे तुम्हाला बस-स्टॉपवर कळलेलं आहे. क्वाइन म्हणजे मुलगी, लून म्हणजे मुलगा. गाण्यातली बोली मात्र पक्की ॲबरडीनची नसते. भटक्यांच्या गाण्यात ठिकठिकाणचे शब्द मिसळलेले असतात, आणि डाउई म्हणजे उदास किंवा ग्रीट म्हणजे रडणं असे शब्द सरसकट येतात. गाण्याचे बोल समोर ठेवा. पण पहिल्या फेरीत नको, नाहीतर तुम्ही वाचत बसाल.

एका गाण्याची पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल. ‘द बॉनी हूस ओ एअर्ली’. 1640 साली अर्गाइलचा सरदार कॅम्पबेल हा ओगिल्व्ही घराण्याचं एअर्लीचं घर लुटून जाळतो, तो हा प्रसंग. घरधनी बाहेर, घरात बाई. तो तिला खाली ये म्हणतो, ती जात नाही. फ्रान्सिस चाइल्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे 305 बॅलड संकलित केले, त्यांत हा आहेच, पण पुस्तकात. लिझीकडे तो घरातून आला. आता गंमत अशी, की घर जळतंय तरी गाणाऱ्या बाईचा आवाज चढत नाही. आपल्या पोवाड्यावर वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटणार! शाहीर इथे डफावर थाप मारून आवाज आभाळाला लावेल. लिझी सांगून मोकळी होते, धमकी आणि नकार एकाच चालीत, एकाच आवाजात. तो आवाज कोरडा वाटला तर थोडं थांबा, कडवी पुढे जाऊ द्या. मला त्यातली भीती तिसऱ्यांदा ऐकताना जाणवली.

दुसरा भाग संचाबद्दल. ‘काढलाच कशाला’ याला माझ्या धंद्यातलं उत्तर आहे.

कलावंत गेल्यावर निघणारा संच दोन तऱ्हेने होतो. एक, जुन्या एलपी साफसूफ करून पुन्हा काढायच्या. त्याला मूळ कंपनीचे हक्क लागतात. दुसरी तऱ्हा म्हणजे लोकांच्या कपाटातल्या टेप शोधायच्या. कुणी स्वयंपाकघरात घेतलेल्या, कुणी क्लबात. लहान प्रकाशकाला बहुधा दुसरीच वाट परवडते, आणि माझ्या मते मौखिक परंपरेतल्या गाणाऱ्यांसाठी तीच चांगलीही. एलपीवर बाई एलपीसाठी गाते. घरात ती समोरच्या दोन माणसांसाठी गाते. पण असा संच एका बैठकीत ऐकायचा नसतोच. तो अल्बम नाही, दप्तर आहे. तुम्ही दप्तर कादंबरीसारखं वाचायला घेतलंत.

अशा जुन्या टेपवर काम करताना मोठी पंचाईत असते वेगाची. टेपरेकॉर्डर जुना झाला की कमीजास्त वेगाने फिरतो, आणि वेग बदलला की स्वर आणि आवाजाचा पोत दोन्ही बदलतात. साथीला पेटी असती तर ताडून बघता आलं असतं. नुसता गळा असेल तर खरा स्वर कुठला, हे ठरवायचं कसं? इथे टेपवरची घाण कामाला येते. ब्रिटनची घरगुती वीज 50 हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या यंत्राची बारीक घूं टेपवर गाण्याखाली उमटलेली असते. आज टेप चालवल्यावर ती घूं 53 हर्ट्झला दिसली, तर टेप सहा टक्के जोरात चाललीय, म्हणजे बाई जवळजवळ अर्धा स्वर वर ऐकू येतेय. घूं 50वर आणली की बाई आपल्या जागी येते.

याच घूंने मला एकदा वाचवलं. लांब कथागीतात गाणारी शेवटाकडे अर्ध्या स्वराने वर सरकली होती. मी टेपचा दोष समजून सगळं सरळ करायला निघालो. मग खाली बघितलं तर घूं सुरुवातीपासून शेवटपर्यंत 50वर ठाम. म्हणजे टेप बरोबर होती, बाईच वर गेली होती. गोष्ट तापत जाते तसा बिनसाथीचा गळा वर सरकतो, यात चूक काही नाही. ते सरळ केलं असतं तर गाण्यातली ऊब मीच काढून टाकली असती. (बॅटरीवरच्या यंत्राने घेतलेली टेप असेल तर घूं नसते. मग बोलण्याचा आवाज, मागचं घड्याळ, जे मिळेल ते.)

आणि एकदा मी वाचलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाने त्यांच्या आजीची टेप साफ करायला दिली. मी नव्याचा उत्साही. खरखर घालवणारं सॉफ्टवेअर दाबून वापरलं. आवाज काचेसारखा झाला, मला फार अभिमान वाटला. नातवाने ऐकलं आणि म्हणाला, “आजी श्वासच घेत नाहीये.” खरखरीबरोबर तिचे श्वास गेले होते, आणि स्वरांच्या तोंडाशी असलेले ते बारीक काटेही अर्धे पुसले गेले होते. सगळं पुन्हा करून दिलं, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून अशा संचात खुर्ची करकरली, कुणी खोकलं, की मला बरं वाटतं. समजायचं, कुणीतरी हात आवरता घेतलाय.

टेप महाग होती हेही ध्यानात असू द्या. पाच इंची रिळावर सहाशे फूट टेप, सेकंदाला पावणेचार इंच वेगाने लावली तर एका बाजूला बत्तीस मिनिटं. म्हणून लोक गाणं संपलं की कळ बंद करायचे, आणि मधल्या गप्पा गेल्या त्या गेल्या. त्यामुळे गाणी एकामागोमाग सुटी, कोरडी वाटतात. प्रत्यक्ष खोलीत तसं नसायचं. चहा, गप्पा, हे गाणं कुणाकडून मिळालं त्याची गोष्ट, मग दुसरं. ती मोकळी जागा आता तुम्हालाच ठेवावी लागेल. एका वेळी दोन गाणी, फार तर तीन. मग बंद करा.

पैसे वाया गेले का, हेही विचारायचं असेलच. तुम्हाला पार्श्वभूमीला वाजत राहणारं काही हवं असेल तर हो, गेले. तसा हा संच नाही. आणि महिनाभर असं ऐकूनही लिझी भिडली नाही, तर नाही. आईवर थांबा, त्यात कमीपणा काही नाही. मला स्वतःला जीनी पहिल्या दिवशी आवडली आणि लिझीला सहा-सात महिने लागले. आज कपाटातून हात कुणाच्या सीडीकडे जातो, तर लिझीच्या.

एक सोय फक्त तुमच्याकडे आहे. गेस्ट रोची दाट वस्ती 1930च्या दशकात पाडली. त्यातलं प्रोव्होस्ट स्कीन्स हाउस तेवढं उरलंय, मारिशल कॉलेजच्या समोरच्या अंगाला, नव्या काचेच्या इमारतींच्या कुशीत. ऑफिस सुटल्यावर हेडफोन घालून तिथे उभे राहा आणि ‘व्हॉट अ व्हॉइस’ लावा. वारा असणारच, तिथे तो असतोच. पहिल्या कडव्यात ओळीचा शेवटचा शब्द ती कसा सोडते तेवढं ऐका, आणि काटा ऐकू आला की नाही ते इथे कळवा.